आयात यंत्रसामग्रीवरील घसारा (भारतीय आयकर)

आयात यंत्रसामग्रीवरील घसारा म्हणजे परदेशातून आणलेल्या यंत्राच्या खर्चापोटी व्यावसायिकाला आपल्या करपात्र उत्पन्नातून दरवर्षी मिळणारी वजावट होय. भारतात ही वजावट आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ नुसार दिली जाते. यंत्र देशी असो वा विदेशी, घसाऱ्याचा दर सामान्यतः सारखाच असतो. मात्र आयात यंत्राच्या बाबतीत त्याची किंमत कशी ठरवायची, सीमाशुल्क व वस्तू-सेवा कर त्यात धरायचा की नाही, रुपयाचा विनिमय दर बदलल्यास काय करायचे आणि परदेशात वापरलेले यंत्र नवे मानायचे की जुने, असे काही वेगळे प्रश्न उद्भवतात. त्यांच्या उत्तरांवर उद्योगाच्या पहिल्या काही वर्षांतील कराचा भार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

१ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. घसाऱ्याची मूळ चौकट मात्र नव्या अधिनियमातही कायम ठेवण्यात आली आहे. प्रस्तुत लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

संकल्पना

व्यवसायासाठी केलेला खर्च दोन प्रकारचा असतो. कच्चा माल, वीज, मजुरी यांवरील खर्च महसुली समजला जातो व तो त्याच वर्षी उत्पन्नातून वजा होतो. यंत्रावरील खर्च भांडवली असतो, कारण यंत्र अनेक वर्षे उत्पादन देते. म्हणून त्याची संपूर्ण किंमत एकाच वर्षी वजा न करता ती वर्षानुवर्षे थोडीथोडी वजा करू दिली जाते. ही वार्षिक वजावट म्हणजे घसारा.

घसारा म्हणजे सरकारने दिलेले अनुदान नव्हे. त्यामुळे कर रद्द होत नाही. ज्या उत्पन्नावर कर बसतो ते उत्पन्न कमी होते. उदाहरणार्थ, ३१.२ टक्के दराने कर भरणाऱ्या भागीदारी संस्थेला १ लाख रुपयांचा घसारा मिळाला, तर तिचा कर ३१,२०० रुपयांनी कमी होतो. एकूण वजावट यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकत नाही. म्हणून घसाऱ्याच्या बहुतेक नियमांतील खरा प्रश्न ‘किती’ यापेक्षा ‘केव्हा’ हा असतो. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या उद्योजकाला हप्ते पहिल्या वर्षापासूनच फेडावे लागतात. साहजिकच लवकर मिळालेली वजावट त्याच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते.

इतिहास

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन केली, तेव्हापासून पश्चिम भारतातील आधुनिक उद्योग दीर्घकाळ इंग्लंडहून येणाऱ्या यंत्रांवर उभा होता. यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट देण्याची तरतूद भारतीय आयकर अधिनियम, १९२२ मध्ये होती. स्वातंत्र्योत्तर काळात औद्योगिकीकरणाला गती देण्यासाठी घसाऱ्याखेरीज आणखी सवलती देण्यात आल्या. १९५४ साली नव्या यंत्रांच्या किमतीवर २५ टक्के विकास सूट सुरू झाली. ती घसाऱ्याव्यतिरिक्त मिळत असल्याने एकूण वजावट यंत्राच्या किमतीहून अधिक होत असे. १९७४ मध्ये ती बंद झाल्यावर १९७६ पासून कलम ३२अ खाली २५ टक्के गुंतवणूक भत्ता देण्यात येऊ लागला. तोही १९९० मध्ये संपुष्टात आला.

६ जून १९६६ रोजी झालेले रुपयाचे अवमूल्यन आयात यंत्रांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. त्यामुळे १ लाख डॉलर देणे असलेल्या कारखानदाराचे ४,७६,००० रुपयांचे देणे एका दिवसात ७,५०,००० रुपये झाले. यंत्र आधीच कारखान्यात बसवलेले असल्याने वाढलेली रक्कम त्याच्या किमतीत धरायची की नाही, असा प्रश्न उभा राहिला. तो सोडवण्यासाठी १९६७ साली अधिनियमात कलम ४३अ समाविष्ट करण्यात आले.

१९८८-८९ या करनिर्धारण वर्षापासून प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र घसारा काढण्याऐवजी ‘मालमत्ता-गट’ ही पद्धत आली. समान दराच्या सर्व मालमत्ता एका गटात धरून गटाच्या एकत्रित मूल्यावर घसारा काढला जाऊ लागला. जादा पाळीत चालणाऱ्या यंत्रांवरील वाढीव घसाराही याच वेळी मागे पडला. पुढे २०१३ ते २०१७ या काळात मोठी गुंतवणूक करणाऱ्या उत्पादक कंपन्यांना कलम ३२अक खाली नव्या यंत्रांवर १५ टक्के गुंतवणूक भत्ता मिळत असे. आरंभी त्यासाठी १०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीची अट होती. नंतर ती मर्यादा २५ कोटींवर आणण्यात आली.

वास्तविक किंमत

घसारा यंत्राच्या ‘वास्तविक किमती’वर मिळतो. कलम ४३(१) नुसार करदात्याला पडलेल्या किमतीतून दुसऱ्या कोणी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे भागवलेला भाग वजा केल्यावर उरते ती वास्तविक किंमत. आयात यंत्राच्या बाबतीत तीत सामान्यतः पुढील बाबी येतात :

१. पुरवठादाराला दिलेली किंमत;
२. सागरी किंवा हवाई वाहतूक व विमा;
३. परत न मिळणारे सीमाशुल्क;
४. बंदरापासून कारखान्यापर्यंतची वाहतूक आणि उतराई;
५. पाया बांधणे, यंत्र उभारणे व चाचणी घेणे यांवरील खर्च.

यंत्रासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने चल्लपल्ली शुगर्स प्रकरणात (१९७५) उत्पादन सुरू होण्यापूर्वीचे व्याज यंत्राच्या किमतीत धरावे, असा निर्णय दिला. यंत्र वापरात आल्यानंतरचे व्याज मात्र किमतीत धरता येत नाही. ते महसुली खर्च म्हणून विचारात घेतले जाते.

यंत्रासोबत येणारे आराखडे, रेखाचित्रे व तांत्रिक माहितीचे दस्तऐवज हे केवळ कागद नसून व्यवसायाचे साधन आहेत. म्हणून त्यांचाही ‘संयंत्रा’त समावेश होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सायंटिफिक इंजिनिअरिंग हाउस प्रकरणात (१९८६) म्हटले आहे.

शासकीय अनुदानाच्या बाबतीत कायदा बदलत गेला. भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात मिळालेले प्रोत्साहनपर अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पी. जे. केमिकल्स प्रकरणात (१९९४) दिला होता. त्यानंतर १९९८ च्या वित्त अधिनियमाने नवे स्पष्टीकरण जोडले. त्यानुसार मालमत्तेच्या किमतीपोटी मिळालेले अनुदान वजा करूनच घसारा काढावा लागतो.

२०१७ पासून आणखी एक अट लागू झाली. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास ती वास्तविक किमतीत धरली जात नाही. परदेशी पुरवठादाराचे पैसे बँकेमार्फतच जात असल्याने त्यांना या अटीचा फटका बसत नाही. क्रेन, मालमोटार, पायाचे बांधकाम यांसारख्या स्थानिक खर्चांबाबत मात्र रोखीचा व्यवहार महागात पडू शकतो.

सीमाशुल्क आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर

आयात यंत्रावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांसह येणाऱ्या मूल्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. यांपैकी सीमाशुल्क व अधिभार परत मिळत नाहीत. म्हणून ते किमतीत मिळवले जातात. एकात्मिक कराची रक्कम नोंदणीकृत उत्पादकाला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळते व आपल्या विक्रीवरील कर भागवण्यासाठी वापरता येते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १६(३) नुसार कराच्या ज्या रकमेवर घसारा घेतला असेल, तिचे क्रेडिट मिळत नाही. एकाच रकमेचा दुहेरी लाभ होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

या दोहोंतील फरक मोठा आहे. क्रेडिट घेतल्यास कराची पूर्ण रक्कम वसूल होते. तीच रक्कम किमतीत मिळवल्यास तिच्या केवळ काही अंशाइतका, म्हणजे करदात्याच्या कराच्या दराइतका लाभ होतो व तोही अनेक वर्षांत विभागून मिळतो. त्यामुळे ज्याला क्रेडिट मिळू शकते, त्याने कराची रक्कम यंत्राच्या किमतीत धरणे ही महागडी चूक ठरते.

काही व्यवसायांना मात्र हा पर्याय नसतो. रुग्णालयांची आरोग्यसेवा बहुतांशी वस्तू व सेवा करातून मुक्त असते. म्हणून एमआरआयसारखे यंत्र आयात करणाऱ्या रुग्णालयाला अशा सेवेपुरते क्रेडिट मिळत नाही व भरलेला कर यंत्राच्या किमतीतच जातो. घसाऱ्याच्या तक्त्यात एमआरआय यंत्रणेचा समावेश जीवरक्षक वैद्यकीय उपकरणांत असून त्यांवर ४० टक्के दराने घसारा मिळतो.

निर्यातदारांसाठी ईपीसीजी योजनेत भांडवली यंत्रे शुल्काविना आणता येतात. त्या बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहा पट मूल्याची निर्यात सामान्यतः सहा वर्षांत करावी लागते. भरलेच नसलेले शुल्क यंत्राच्या किमतीत धरता येत नाही. साहजिकच घसाराही कमी किमतीवर मिळतो. निर्यातीची अट पुरी न झाल्यास वाचलेले शुल्क व्याजासह भरावे लागते.

विनिमय दरातील बदल

परदेशी पुरवठादाराचे पैसे किंवा यंत्रासाठी घेतलेले विदेशी चलनातील कर्ज पुढील काही वर्षांत फेडायचे असेल, तर रुपयांतील देणे बदलत राहते. कलम ४३अ नुसार असा फरक यंत्राच्या किमतीत मिळवला किंवा तीतून वजा केला जातो. हे कलम परदेशातून मिळवलेल्या मालमत्तेलाच लागू होते. विदेशी चलनात कर्ज काढून देशी यंत्र विकत घेतल्यास ते लागू होत नाही.

हा फरक केव्हा धरायचा यावरून दीर्घकाळ वाद होते. वर्षअखेरीस पैसे दिलेले नसले, तरी त्या दिवसाच्या दराने देणे मोजून किंमत बदलावी, असा एक पक्ष होता. वुडवर्ड गव्हर्नर प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने जुन्या तरतुदीचा असाच अर्थ मान्य केला. तथापि तोपर्यंत कलमाची शब्दरचनाच बदललेली होती. १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या नव्या कलमानुसार प्रत्यक्ष पैसे देताना होणारा फरकच विचारात घेतला जातो.

उदाहरणार्थ, १ लाख युरोचे यंत्र एका युरोला ८० रुपये या दराने घेतले. निम्मी रक्कम लगेच दिली व उरलेले ५०,००० युरो पुढील वर्षी ९० रुपये दराने दिले. प्रत्येक युरोमागे १० रुपये, म्हणजे एकूण ५ लाख रुपये अधिक द्यावे लागले. ही रक्कम त्या दुसऱ्या वर्षी मालमत्ता-गटात मिळवली जाते व १५ टक्के दराने तिच्यावर ७५,००० रुपये घसारा मिळतो. म्हणजे व्यवसायाच्या हातून ५ लाख रुपये एकाच वर्षी जातात, परंतु त्याची वजावट हप्त्याहप्त्याने मिळते. याउलट रुपया वधारल्यास गटाचे मूल्य कमी होते. बँकेशी वायदा करार करून दर आधीच निश्चित केला असल्यास, त्या करारापुरती किंमत करारातील दराने मोजली जाते.

दर आणि गणना

सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के व संगणकांवर ४० टक्के दराने घसारा मिळतो. काही मालमत्तांवर पूर्वी ८० किंवा १०० टक्के दर होते. करनिर्धारण वर्ष २०१८-१९ पासून कमाल दर ४० टक्के करण्यात आला. गणना घटत्या शिलकेच्या पद्धतीने होते, म्हणजे दरवर्षी मूळ किमतीवर नव्हे, तर आधीचा घसारा वजा केल्यावर उरलेल्या मूल्यावर दर लावला जातो.

वस्तूंचे उत्पादन करणाऱ्या व्यवसायाला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी कलम ३२(१)(iiअ) खाली २० टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो. कार्यालयात किंवा निवासस्थानी बसवलेली यंत्रे, कार्यालयीन उपकरणे आणि रस्त्यावरील वाहने यांना तो मिळत नाही.

एका उत्पादक भागीदारी संस्थेने आणलेल्या यंत्राचे गणित असे मांडता येईल. येथे सीमाशुल्काचा दर ७.५ टक्के व एकात्मिक कराचा दर १८ टक्के धरला आहे.

सीमाशुल्कासाठीचे मूल्य : १,००,००,००० रु.
मूळ सीमाशुल्क : ७,५०,००० रु.
समाजकल्याण अधिभार : ७५,००० रु.
एकूण : १,०८,२५,००० रु.
एकात्मिक कर (क्रेडिट मिळणारा, किमतीत न धरलेला) : १९,४८,५०० रु.
देशांतर्गत वाहतूक, उभारणी व चाचणी : ३,७५,००० रु.
घसाऱ्यासाठी वास्तविक किंमत : १,१२,००,००० रु.

पहिल्या वर्षी १५ टक्क्यांप्रमाणे १६,८०,००० रुपये व २० टक्क्यांप्रमाणे २२,४०,००० रुपये, असा एकूण ३९,२०,००० रुपये घसारा मिळतो. उरलेले मूल्य ७२,८०,००० रुपये असून दुसऱ्या वर्षी त्याच्या १५ टक्के, म्हणजे १०,९२,००० रुपये वजावट मिळते. त्यानंतर ती दरवर्षी घटत जाते.

एकशे ऐंशी दिवसांची अट

ज्या वर्षी यंत्र घेतले त्या वर्षी ते १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरले गेले असेल, तर घसारा निम्माच मिळतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने यंत्र सामान्यतः ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात यावे लागते. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल, तर ही तारीख ४ ऑक्टोबर होते.

येथे यंत्राची मागणी नोंदवल्याचा, जहाज बंदरात लागल्याचा किंवा बिल ऑफ एंट्री दाखल केल्याचा दिवस निर्णायक नसतो. यंत्र व्यवसायासाठी वापरात आल्याचा दिवस महत्त्वाचा असतो. वरील उदाहरणातील यंत्र न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात कागदपत्रांअभावी अडकले आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले, तर पहिल्या वर्षाचा घसारा ३९,२०,००० ऐवजी १९,६०,००० रुपये होतो. पुरेसे उत्पन्न असलेल्या व ३१.२ टक्के दराने कर भरणाऱ्या संस्थेला त्या वर्षी ६,११,५२० रुपये अधिक कर भरावा लागतो. ही वजावट कायमची बुडत नाही. अतिरिक्त घसाऱ्याचा राहिलेला निम्मा भाग, म्हणजे ११,२०,००० रुपये, पुढील वर्षी मिळतो आणि नेहमीच्या घसाऱ्याचा राहिलेला भाग गटाच्या मूल्यात शिल्लक राहून पुढे वजा होत जातो. म्हणूनच उभारणीचा अहवाल, चाचणीची नोंद व पहिल्या उत्पादनाची तारीख यांची कागदपत्रे जपून ठेवणे आवश्यक असते.

परदेशात वापरलेली यंत्रे

इचलकरंजी, भिवंडी यांसारख्या यंत्रमाग केंद्रांत परदेशांतील गिरण्यांनी वापरलेले शटललेस माग आणले गेले आहेत. नव्या मागांच्या मानाने ते स्वस्त पडतात. अशा यंत्रांवर नेहमीचा घसारा मिळतो. मात्र अतिरिक्त घसारा मिळत नाही. संबंधित तरतुदीत, बसवण्यापूर्वी भारतात किंवा भारताबाहेर अन्य कोणी वापरलेले यंत्र स्पष्टपणे वगळलेले आहे. म्हणजे १ कोटी रुपयांच्या जुन्या यंत्रावर पहिल्या वर्षी ३५ ऐवजी १५ लाख रुपयांचीच वजावट मिळते. स्वस्त यंत्राचा हिशेब मांडताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

अन्य काही तरतुदींत मात्र तेच यंत्र नवे मानले जाते. नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के मूळ दराने कर भरू देणाऱ्या कलम ११५बअब मध्ये जुनी यंत्रे वापरू नयेत, अशी अट होती. तथापि परदेशात वापरलेले यंत्र पूर्वी भारतात कधीही वापरलेले नसेल, ते आयात केलेले असेल आणि त्यावर भारतात कोणालाही घसारा मिळालेला नसेल, तर ते ‘पूर्वी वापरलेले’ समजले जात नाही. त्यामुळे ‘नवे यंत्र’ या शब्दांचा अर्थ त्या त्या कलमात तपासूनच घ्यावा लागतो.

विदेशी मोटारगाड्या

२८ फेब्रुवारी १९७५ नंतर व १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या, भारताबाहेर बनलेल्या मोटारगाड्यांवर घसारा मिळत नसे. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या व्यवसायातील गाड्या आणि भारताबाहेरील व्यवसायात वापरलेल्या गाड्या यांना या नियमातून सूट होती. देशी-विदेशी असा भेद थेट घसाऱ्याच्या हक्कातच करणारी ही ठळक तरतूद होती. १ एप्रिल २००१ पासून घेतलेल्या गाड्यांना ती लागू नाही.

करप्रणालीची निवड

कलम ११५बअअ नुसार देशी कंपनी २२ टक्के मूळ दर स्वीकारू शकते. अधिभार व उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. त्या बदल्यात तिला अतिरिक्त घसारा व अन्य काही वजावटी सोडाव्या लागतात. एकदा केलेली ही निवड मागे घेता येत नाही. व्यक्तींसाठी असलेल्या नव्या करप्रणालीतही अतिरिक्त घसारा मिळत नाही. नेहमीचा १५ टक्के घसारा दोन्ही ठिकाणी कायम राहतो. मोठी आयात करण्याच्या बेतात असलेल्या उद्योगाला कमी दर आणि लवकर मिळणारी वजावट यांतून निवड करावी लागते.

घसारा न मागण्याची मुभा मात्र करदात्याला नाही. महेंद्र मिल्स प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने घसारा मागणे करदात्याच्या इच्छेवर सोडले होते. पुढे अधिनियमात स्पष्टीकरण जोडून, मागणी केली असो वा नसो, घसारा दिला जाईल, असे ठरवण्यात आले. उत्पन्न अपुरे असल्यास न सामावलेला घसारा पुढील वर्षांत नेता येतो व त्याला वर्षांची मर्यादा नाही.

हिशेबवहीतील घसारा

कंपनीच्या ताळेबंदातील घसारा आणि आयकरातील घसारा या भिन्न गोष्टी आहेत. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत यंत्राच्या उपयुक्त आयुष्यावर भर दिलेला असून अखंड प्रक्रियेत नसलेल्या सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे. आयकरात मात्र ठरावीक दर लावला जातो. त्यामुळे एकाच यंत्राचे मूल्य दोन ठिकाणी निराळे दिसते.

यंत्र विकल्यास आयकरात विक्रीची रक्कम मालमत्ता-गटाच्या मूल्यातून वजा होते. ती गटाच्या मूल्यापेक्षा अधिक असल्यास वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा समजली जाते. अशा रीतीने यंत्राच्या खरेदीपासून विक्रीपर्यंत मिळालेल्या वजावटींचा मेळ त्याच्या खऱ्या खर्चाशी घातला जातो.